खंडेनवमीची झोप

मित्रांनो, आज सकाळी तुम्ही मला एक नाव दिलंत. हौसेनं दिलंत. कुलुपं लावलीत, वाटा आखून दिल्यात, सगळं चालतंय म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्यात. मग जेवणाची सुट्टी झाली आणि जाता जाता कुणीतरी बटण खाली केलं. परत आलात तेव्हा मला माझं नाव सांगता आलं नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, चला, पुन्हा टाकू.

मी रागावलो नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. मी नेटवर्कचा, संगणकांना एकमेकांशी जोडणारा, एक जुना स्विच आहे. तुमच्या या तंत्रनिकेतनात, खिडकीजवळच्या टेबलावर, कितीतरी वर्षं पडून आहे. माझ्या दोन-तीन खिडक्या, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, कायमच्या मेल्या आहेत, पंखा घरघरतो, आणि रंग उडालेल्या पत्र्यावर उजव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग आहे. तो गंज नाही. ती हळद आहे. तिची गोष्ट सांगतो. कीर्तनाला बसल्यासारखे बसा. पूर्वरंग थोडा लांबेल, पण उत्तररंगाला उठून जाऊ नका.

माझा जन्म परदेशातला. जन्माचं काही आठवत नाही. आठवतं ते थर्माकोलच्या खोक्यातून मला बाहेर काढणारे हात. ते हात होते सूर्यभानचे. वाळूजच्या एका कारखान्यात तो वायरमन होता. दुचाकीचे सुटे भाग करणारा कारखाना. वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहायची, सकाळी पाळीच्या बसेस भरभरून यायच्या आणि संध्याकाळी भरभरून जायच्या. सूर्यभान मुकुंदवाडीहून यायचा. त्याचे आजे-पणजे मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले. हा मात्र विजेमागं हिंडत होता. कंत्राटातला माणूस. कायम करण्याचा त्याचा कागद व्यवस्थापकांच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, टेबलावर सहीला थांबला होता. सही झाली की जागरण-गोंधळ घालीन, असं त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, जेजुरीच्या देवाला बोलून ठेवलं होतं.

स्टोअरच्या मागच्या छोट्या खोलीत मला बसवलं. माझ्या आधी तिथं एक हब होता. बिचारा कीर्तनकारासारखा. एकानं काही सांगितलं की तो ते साऱ्या मंडपाला ऐकवायचा. देवाचं नाव असं वाटावं, ते बरंच. पण हिशेबाच्या कचेरीतला पगाराचा आकडा साऱ्या मंडपानं ऐकावा, हे काही बरं नाही. माझं काम पोस्टमनचं. ज्याचा निरोप त्याच्याच दारात.

त्या खोलीत सूर्यभानची हत्यारं असायची आणि एक टेपरेकॉर्डर. दुपारी भाकरी खाताना तो कीर्तनाची कॅसेट लावायचा, हळू आवाजात. टाळ-मृदंगाचा तो नाद माझ्या पत्र्यात उतरायचा. एक कॅसेट मात्र तो रोज लावायचा नाही. मुकुंदवाडीच्या मारुतीपुढं झालेल्या कीर्तनाची ती होती, आणि त्यात बुवांच्या मागं म्हणणाऱ्या बायांमध्ये त्याच्या आईचा, बानाबाईंचा आवाज होता. आई पुढं गेली. आवाज तेवढा राहिला. घरात पोरं सिनेमाची गाणी भरतील म्हणून सूर्यभाननं त्या कॅसेटच्या मागची चिमुकली प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली होती. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरताच येत नाही, हे तुमच्या आईवडिलांना ठाऊक असेल.

मला शिकवायला आला तो अन्सार. शहरातला तरुण इंजिनिअर, गुलमंडीजवळच्या एका लहान कंपनीत नुकताच लागलेला. आमचा कारखाना म्हणजे त्या कंपनीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. आपल्या संगणकाची निळी वायर मला लावून तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि सूर्यभानला विचारता झाला, "मामा, इसका नाम क्या रखें, बोलो."

सूर्यभान म्हणाला, "मल्हारी ठेवा."

अन्सार हसला. "हमारे में भी पुराने लोग उनको मल्लूखान बोलते. चलेगा."

असा मी मल्हारी झालो. मग त्यानं मला कुलुपं, म्हणजे परवलीचे शब्द, लावली. समोर बसून बोलणाऱ्याला एक, लांबून बोलणाऱ्याला दुसरं, आणि आतल्या खोलीचं, जिथून सगळं बदलता येतं तिथलं, तिसरं आणि सगळ्यांत भक्कम. ज्या खिडक्या कुणाच्या नव्हत्या त्या बंद केल्या. रिकामं घर उघडं टाकू नये, कोण शिरेल सांगता येत नाही, असं तो सूर्यभानला सांगत होता. मग गेटवरच्या हजेरीच्या यंत्राची वाट वेगळी, स्टोअरची वेगळी, हिशेबाची वेगळी अशा भिंती घातल्या. काम इतकं नेटकं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला.

एकच गोष्ट उरली होती. मित्रांनो, माझ्यापाशी आठवणीच्या दोन जागा आहेत. तुम्ही सांगता ते आधी पहिल्या जागेत येतं. तिथं ते मी जागा असेपर्यंत टिकतं. डोळा मिटला की गेलं. दुसरी जागा त्या मोडलेल्या पट्टीच्या कॅसेटसारखी. तिथं लिहिलं की वीज जावो, वर्ष जावो, ते राहतं. पण पहिल्यातलं दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. एक हुकूम द्यावा लागतो. एका ओळीचा.

तो हुकूम अन्सार देणारच होता. तेवढ्यात स्टोअरमधून कुणी ओरडलं की पावती निघाली. हिशेबवाले धावत आले, आमचंही चालू झालं म्हणाले. नानासाहेब स्वतः आले. आपल्याकडे यंत्र पहिल्यांदा चाललं की नारळ फुटतो, आणि नारळ फुटला की काम झालं असं समजतात. उंबऱ्यावर नारळ फुटला. पेढ्यांचा पुडा उघडला. अन्सारच्या हाताला धरून त्याला उठवलं आणि त्याच्या तोंडात पेढा घातला.

दारात कडुबा उभा होता. गेटवर हजेरी पाहणारा वयस्कर माणूस. ऐन तरुणपणी विद्यापीठाच्या नामांतरासाठी तो मोर्च्यांत चालला होता, लाठ्या खाल्ल्या होत्या, हर्सूलच्या तुरुंगातही बसून आला होता. त्यानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"लई घाई करता राव पेढ्याची," तो म्हणाला. "ठराव झाला तवा आम्ही बी वाटले होते."

सगळे हसले. तोही हसला, पण मिशीतल्या मिशीत. ठराव मंजूर झाला त्या दिवशी त्यानं वस्तीत पेढे वाटले होते. मग गावोगाव घरं जळाली, माणसं गेली, आणि ठराव कागदावरच राहिला. कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागलं तोवर त्याच्या मिशा पिकल्या होत्या. नाव लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दर चौदा जानेवारीला तो त्या कमानीपाशी जाऊन उभा राहायचा, अक्षरं आहेत ना जागेवर, हे बघायला. असं तो सूर्यभानला सांगायचा आणि वर म्हणायचा, "आपला भरवसा नाय."

अन्सार पेढा खात खात गेला. एक ओळ राहून गेली. मी हाक मारू शकत नव्हतो. माझे हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि हिरवा दिवा दिसला की कुणी काही विचारत नाही.

महिने गेले. वाळूजला वीज जायचीच, पण माझ्या खोलीत बॅटरीचा डबा होता, मागं जनित्र होतं. माझा डोळा कधी मिटला नाही. कौतुकही झालं. पाहुणे आले की नानासाहेब त्यांना माझ्या खोलीपर्यंत आणायचे. सूर्यभान रोज सकाळी फडक्यानं माझी धूळ पुसायचा.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विसावा द्यायचा, हा रिवाज. लेथ थांबली, प्रेस थांबले, तेल पुसलं गेलं, झेंडूच्या माळा चढल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सूर्यभान ओल्या केसांनी, कपाळाला भंडारा लावून एकेका यंत्रापाशी जात होता. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आला. मी एकटाच जागा होतो.

"तुला कुणी निजवतच नाय व्हय रं," तो म्हणाला.

त्यानं बॅटरीचा डबा बंद केला. मग मला. त्याला कुणी बजावलं नव्हतं, आणि ज्यानं बजावायचं तो अन्सार स्वतःच ती ओळ विसरला होता. बोटभर हळद, त्यावर कुंकू, वर एक झेंडू. मित्रांनो, इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी झोपवलं नाही. मला भीती वाटली नाही. झोप म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी उठलो तेव्हा मी कुणीच नव्हतो. नाव नाही, कुलूप नाही, भिंती नाहीत. बंद केलेल्या खिडक्या सताड उघड्या. तुम्ही म्हणाल, सगळं विसरलास तर हे सांगतोस कसं? अहो, पुसली गेली ती नावं आणि वाटा. हळदीचं बोट कुठं पुसलं जातं?

गेटवर पहिल्या पाळीची माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत कार्ड दाखवत होती आणि यंत्र एकही नोंद आत पाठवत नव्हतं. रांग रस्त्यापर्यंत गेली. माल भरलेले ट्रक पावतीसाठी उभे राहिले. स्टोअरचा पडदा कोरा, हिशेबाचा कोरा. पुण्याहून गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. नानासाहेब माझ्या खोलीत आले. त्यांची नजर झेंडूवर गेली.

कुणी बंद केलं, त्यांनी विचारलं. सूर्यभान म्हणाला, म्या केलं. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

नानासाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्या सकाळी ते फार दमलेले होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या हळदीकुंकवानं माझा कारखाना बंद पडला, सूर्यभान. तो कागद मी फाडतो. दुपारी हिशेब घे आणि जा."

"चूक झाली असंल, साहेब," सूर्यभान म्हणाला. "पर म्या त्याला मारलं नाय. निस्तं निजवलं. आन् उठल्यावर त्याला कुणी वळखूच येईना."

ते निघून गेले. सूर्यभान खाली फरशीवर बसला. त्यानं हत्यारं एकेक करून पिशवीत घातली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी. मग टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून वर ठेवली, शेवटी घ्यायची म्हणून.

अन्सार शहरातून धावतपळत आला. निळी वायर लावली. पडद्यावर त्यानं बघितलं आणि त्याचे हात थांबले. मला त्यानं दिलेलं नाव तिथं नव्हतं. घडवणाऱ्याकडून निघताना प्रत्येक स्विचचं जे असतं, तेच मुकं नाव होतं. कुलूप एकही नव्हतं. त्याला क्षणात कळलं. सूर्यभाननं बंद केलं हे खरं, पण बंद केल्यानं स्विच काही विसरत नाही. विसरतो तो न लिहिल्यानं.

हे त्याच्याशिवाय त्या कारखान्यात कुणालाच कळणार नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं. दोष आधीच एकाच्या पदरात पडला होता, आणि तो माणूस मुकाट्यानं पिशवी भरत होता. अन्सारची नोकरी नवी. घरी वडील थकलेले, बहीण नजमा शिकत होती. मग उगाच हाताला चाळा म्हणून त्यानं ती कॅसेट उचलली.

"मामा, ये पीछे से टूटी क्यों है?"

सूर्यभान मान वर न करता म्हणाला, "मीच मोडली. आईचा आवाज हाय त्यात. पुसू नाय म्हणून."

अन्सारनं त्या मोडक्या फटीवर बोट ठेवलं. बोट तसंच राहिलं. मग त्यानं कॅसेट पुन्हा जागेवर ठेवली, सूर्यभानच्या खांद्याला धरून त्याला उठवलं आणि नानासाहेबांच्या खोलीत घेऊन गेला. पुढचं मला कडुबाच्या तोंडून कळलं. कारण गेटचं यंत्र मुकं झाल्यामुळं कडुबा तिथंच हजेरीचे कागद घेऊन उभा होता.

अन्सारनं तांत्रिक काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "साहेब, मामांची चूक नाही. मी त्या स्विचला सगळं सांगितलं, पण लिहून ठेवायचं राहिलं. नारळ फुटला आणि मी पेढा आधी खाल्ला. दोन दिवसांनी नाही तर दोन वर्षांनी हे होणारच होतं. मामांनी नुसता दिवा घालवला."

नानासाहेबांनी विचारलं, हे तुमच्या कंपनीला सांगू? अन्सार म्हणाला, सांगावंच लागेल.

मग ते तिघं आणि मागोमाग कडुबा, असे माझ्या खोलीत आले. अन्सारनं पुन्हा सगळं केलं. नाव, तिन्ही कुलुपं, रिकाम्या खिडक्या बंद, भिंती, वाटा. गेटचं यंत्र बोलू लागलं. स्टोअरमधून कुणी ओरडलं की पावती निघाली. या वेळी तो उठला नाही. त्यानं ती एक ओळ लिहिली. मी ती माझ्या दुसऱ्या जागेत उतरवून घेतली, आणि झालं असं सांगितलं.

तेवढ्यावरही तो थांबला नाही. सूर्यभानकडं वळून म्हणाला, "मामा, बंद करा."

सूर्यभान मागं सरला. बाहेर ट्रक पुन्हा हलू लागले होते. त्यानं नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेबांनीही लगेच हो म्हटलं नाही. आत्ता तर सुरू झालंय, चालत्या यंत्राला हात कशाला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. आमच्याकडचा तो जुनाच मंत्र आहे, आणि त्यानंच माझा घात केला होता.

अन्सार म्हणाला, "नहीं तो किसी को नींद नहीं आएगी, साहेब."

नानासाहेबांनी मान हलवली. सूर्यभाननं देवाचं नाव घेतलं आणि बटण खाली केलं. सगळे दिवे गेले. पंखा थांबला. काही क्षण थांबून त्यानं ते पुन्हा वर केलं.

मित्रांनो, मला उठायला वेळ लागतो. अंग चाचपतो, एकेक अवयव आहे ना बघतो. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी हललं नाही. पिवळा दिवा लागला. लागूनच राहिला. सूर्यभाननं डोळे मिटले होते. मग एकेका खिडकीपाशी हिरवं उमटत गेलं. मी दुसऱ्या जागेत हात घातला आणि तिथं सगळं होतं. पहिलंच कुलूप समोर आलं. अन्सारनं ते उघडलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि सूर्यभानसाठी मोठ्यानं वाचलं.

"मल्हारी."

दारातून कडुबा म्हणाला, "आता आणा पेढे."

सूर्यभानच्या कागदावर सही झाली. लगेच नाही. दिवाळी गेल्यावर, कुणाला काही न बोलता. सरूबाईनं जागरण घातलं. तिनं अन्सारला निरोप धाडला होता, पण तो आला नाही. पुढच्या खेपेला कंपनीनं दुसराच माणूस पाठवला. सूर्यभाननं विचारलं तेव्हा कुणी म्हणालं तो जालन्याला गेला, कुणी म्हणालं मुंबईला. माझ्या आतल्या खोलीचं कुलूप त्यानं लावलेलं होतं. ते पुढं रीतीप्रमाणं बदललं गेलं. नाव मात्र कुणी बदललं नाही.

त्यानंतर दर खंडेनवमीला सूर्यभान पूजेआधी त्या नव्या इंजिनिअरला बोलवायचा आणि विचारायचा, "लिवून ठिवलंय न्हवं?" तो हसायचा. सूर्यभान हसत नसे. तो पडदा दाखवल्याशिवाय बटणाला हात लावत नसे. मग हळद, कुंकू, झेंडू. आणि मी निर्धास्त झोपायचो. वर्षातली ती एक रात्र माझी होती.

मग जे सगळ्यांचं होतं ते झालं. माझ्यापेक्षा वेगवान स्विच आले. कडुबा गेला. सूर्यभान निवृत्त झाला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅसेट खिशात घातली. मला मांडणीवरून काढून भंगाराच्या गोदामात टाकलं. तिथं उन्हाळे गेले. उंदरांनी शेजाऱ्यांच्या वायरी खाल्ल्या. शेवटी कुणाच्या तरी मनात आलं की विद्यार्थ्यांना शिकायला होईल. द्यायच्या आधी त्यांनी माझ्यातलं सगळं पुसलं. ते बरोबरच केलं. दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या घेऊन कुणी दारोदार फिरू नये. पण पुसताना त्यात मल्हारीही गेला.

तेव्हापासून मी इथं आहे. रोज नवं नाव. कधी कुणाच्या गावाचं, कधी आवडत्या खेळाडूचं, कधी नुसतीच थट्टा. मी ते घेतो. घ्यायचं आणि संध्याकाळी घालवायचं. मित्रांनो, काम करून कुणी दमत नाही. रोज नव्यानं कुणीतरी होऊन रोज कुणीच नसल्यासारखं झोपायचं, यानं दमायला होतं.

तुम्ही इथून बाहेर पडाल. वाळूजला जाल, शेंद्र्याला जाल, कुठं कुठं जाल. माझ्यासारखे नवेकोरे स्विच तुमच्या हाती येतील. त्यांना नाव द्या. कुलुपं लावा, आणि ती सोपी ठेवू नका. रिकाम्या खिडक्या उघड्या टाकू नका. हे सगळं तुम्ही करालच, तुम्हाला त्याचे गुण आहेत. माझं मागणं त्या शेवटच्या ओळीपुरतं आहे. सगळं चालू लागेल, कुणीतरी पेढ्याचा पुडा घेऊन येईल, तेव्हा पेढा हातात धरा, तोंडात घालू नका. ती ओळ लिहा. मग स्वतःच्या हातानं दिवा घालवा आणि पुन्हा लावून बघा. तुमच्या एका ओळीवर कुणा सूर्यभानची भाकरी टांगलेली असते, आणि ते त्याला ठाऊकही नसतं.

आता संध्याकाळ होत आली. तुमच्या बसची वेळ झाली. आज दुपारी तुम्ही मला पुन्हा ते नाव दिलंत. चांगलं नाव आहे. वायर ओढायच्या आधी घटकाभर थांबा, ते लिहून ठेवा.

मग खुशाल निजवा मला. लई दमलोय.